हेवी लायसन काढायचंय? सांगली-साताऱ्याच्या नव्या पोरांसाठी पहिल्यापासून सगळं

गेल्या महिन्यात भावकीतला एक पोरगा घरी आला. वय एकोणीस, बारावी झालेली, तीन भावांत मिळून दीड एकर रान. म्हणतो, दादा, हेवीचं लायसन काढायचंय, एजंट म्हणतोय सगळं मी बघतो, तू फक्त फोटोला आणि सहीला ये, देऊ का पैसे? मी म्हटलं आधी बस, चहा पी. मग त्याला दोन तास जे सांगत बसलो तेच इथं लिहून काढतोय, कारण असले फोन मला आठवड्याला दोन-तीन येतात आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो. मी तासगाव तालुक्यातला. आधी चुलत्याच्या गाडीवर क्लीनर, मग पिकअप, मग सहा टायर, मग दहा टायर, अशी बावीस वर्षं स्टेअरिंगवर गेली. आता गाडी कमी चालवतो, एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं नवीन पोरांच्या शेजारी बसून त्यांना तयार करायचं काम करतो.

आधी एक आकडा पाठ करा : ७५००

बऱ्याच पोरांना वाटतं पिवळी नंबरप्लेट दिसली की हेवी लायसन लागणार. तसं नाही. कारचं जे साधं लायसन असतं, एलएमव्ही म्हणतात ते, त्याच्यावर ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालते. हे वजन रिकाम्या गाडीचं नाही बरं का, भरल्या मालासकट एकूण. आरसी बुक उघडा, त्यात जीव्हीडब्ल्यू किंवा लेडन वेट म्हणून आकडा असतो तो बघा. छोटा हत्ती, पिकअप, ४०७ ह्या सगळ्या त्याच्या आत येतात, आणि काही आयशर-टाटाची मॉडेलं तर बरोबर ७४९० ला थांबवलेली असतात, का ते आता कळलं असेल.

ह्याच्यावरून कोर्टात लई वर्षं भांडण चाललं. अपघात झाला की इन्शुरन्सवाले म्हणायचे ड्रायव्हरकडं ट्रान्सपोर्टचं लायसन नव्हतं, पैसे देणार नाही. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं एकदा सांगितलं की वेगळा शिक्का लागत नाही, तरी कंपन्या ऐकेनात, शेवटी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला की ७५०० किलोपर्यंत एलएमव्ही लायसन पुरतं. म्हणजे त्या एकोणीस वर्षाच्या पोराला आजच्या आज हेवीची गरजच नव्हती. त्याला गरज होती पिकअपवर दोन वर्षं घासायची.

७५०० च्या वर १२००० किलोपर्यंत मीडियम आणि त्याच्या वर हेवी, असं कायद्यात आहे. पण लायसनवर आता दोन्हीला मिळून ट्रान्सपोर्ट असाच एक क्लास पडतो. आपण बोलताना त्यालाच हेवी म्हणतो, मी पण पुढं तसंच म्हणणार आहे.

वय आणि क्रम

साध्या लायसनला १८ पूर्ण. हेवीला २० पूर्ण, आणि त्याच्या आधी एलएमव्ही लायसन हातात पडून किमान एक वर्ष झालेलं पाहिजे. हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच आहे, कुठल्या साहेबाच्या मर्जीवर नाही. त्यामुळं 'वय कमी आहे पण करून देतो' असं कुणी म्हणाला की तिथून उठायचं. पूर्वी आठवी पास लागायचं, ती अट २०१९ ला काढली. पण वाचता आलंच पाहिजे, बिल्टीवरचा पत्ता आणि रस्त्यावरचा बोर्ड दुसरा कोण वाचून दाखवणार?

माझं मत विचाराल तर अठराव्या वर्षी एलएमव्ही काढा, वर्षभर नुसतं घरच्या किंवा मालकाच्या शेजारी बसून फिरा, एकोणीस-वीसला छोट्या मालगाडीवर लागा (वीसच्या आतल्या पोराला गाडी द्यायला शहाणा मालक कचरतोच), आणि एकवीस-बाविसाव्या वर्षी हेवीला हात घाला. वर्ष-दोन वर्षं उशीर झाला म्हणून काय बिघडत नाही. छोट्या गाडीनं ठोकलं तर बंपर जातो, दहा टायरनं ठोकलं तर माणसं जातात.

लर्निंग

सगळं सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसनच्या सरकारी वेबसाईटवर आहे. आधार कार्ड मोबाईलला जोडलेलं असेल तर पहिलं लर्निंग घरबसल्या निघतं, महाराष्ट्रात २०२१ पासून ही सोय आहे, परीक्षापण ऑनलाईन. प्रश्न सोपे असतात. पण पोरं काय करतात, मित्राला शेजारी बसवून उत्तरं मारतात, आणि मग तुटक पट्टी आणि सलग पट्टी ह्यातला फरक त्यांना आयुष्यभर कळत नाही.

लर्निंग सहा महिने चालतं आणि काढल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसनच्या टेस्टला अर्ज करता येतो. हेवीच्या वेळी परत लर्निंग काढायचं, ह्यावेळी ट्रान्सपोर्टचं, आणि त्याला डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतो. हा फॉर्म म्हणजे नुसता शिक्का नाही. नजर, रंग ओळखणं, ऐकू येणं, फिट येते का, हे सगळं त्यात आहे. आमच्याकडं एक पोरगा होता, लाल-हिरवा नीट कळत नव्हता, घरच्यांना पण माहीत नव्हतं, सिग्नलला पुढची गाडी हलली की हा हलवायचा. तेव्हा डॉक्टरकडं जा आणि खरंच तपासून घ्या, स्वतःच्याच जिवासाठी.

आरटीओ कुठलं ते पत्त्यावर आहे. सांगली जिल्हा एमएच-१०, सातारा एमएच-११, कराडला वेगळं ऑफिस, एमएच-५०. तालुक्याच्या ठिकाणी कॅम्प लागतात, तारखा आधी बघून ठेवा, उगाच जतवरून सांगलीला हेलपाटा नको. सरकारी फी म्हणाल तर लर्निंगला एका क्लासला १५०, टेस्टला ३००, नवीन क्लास चढवायला ५००, लायसनला २०० आणि कार्डाचे वगैरे वरचे. सगळं धरून दोन हजाराच्या आत बसतं आणि ऑनलाईन भरून पावती निघते. त्याच्या वर जे काय तुम्ही देता ते एक तर ड्रायव्हिंग स्कूलची शिकवणी असते नाहीतर एजंटाचं पोट. शिकवणीला पैसे द्या, खुशाल द्या.

ड्रायव्हिंग स्कूल, इथंच सगळं अडतं

हेवीच्या टेस्टला मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो. म्हणजे ह्या माणसानं आमच्याकडं ट्रेनिंग घेतलं असं सर्टिफिकेट. आता खरी गोष्ट सांगतो. मी हेवी काढलं तेव्हा मला हा फॉर्म ट्रेनिंगशिवाय मिळाला. पैसे दिले, सही केली, संपलं. स्कूलच्या गाडीत मी एकूण बसलो असेन तर वीस मिनिटं, ते पण टेस्टच्या दिवशी सकाळी. तेव्हा लई हुशार वाटलं. चार महिन्यांनी द्राक्षाच्या पेट्या भरून वाशी मार्केटला निघालो होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि पुढं उताराला ते एस आकाराचं वळण आलं. मी टॉप गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो, आणि अर्ध्यात पेडल असं मऊ लागायला लागलं जणू पायाखाली काही नाहीच. क्लीनर म्हातारा अनुभवी होता, तो ओरडला, गिअर पाड, गिअर पाड! कशीबशी थांबली. चाकांतून धूर. मी खाली उतरून कठड्यावर बसलो आणि अर्धा तास हातपाय थरथरत होते. जे स्कूलमध्ये दुसऱ्या आठवड्यात शिकायला पाहिजे होतं ते मी तिथं शिकलो. ती स्कूल वाईट होती हे खरं, पण सही माझीच होती की.

म्हणून, नियमात काय लिहिलंय ते आधी समजून घ्या म्हणजे मागता येईल. केंद्राच्या १९८९ च्या नियमात ट्रान्सपोर्ट ड्रायव्हरचा पूर्ण अभ्यासक्रम आहे. प्रत्यक्ष स्टेअरिंगवर किमान पंधरा तास, आणि त्याशिवाय वाहतुकीचे नियम, मोठ्या गाडीचं मेंटेनन्स, आग लागली तर काय, प्रथमोपचार, आणि हसू नका, लोकांशी कसं वागायचं हा पण एक भाग आहे. स्कूलनं प्रत्येक विद्यार्थ्याचे तास फॉर्म १५ मध्ये लिहून ठेवायचे असतात, रोजच्या रोज, तुमच्या सहीसकट. पहिल्याच दिवशी विचारा, फॉर्म १५ कुठंय, मी रोज सही करणार. ज्याची शिकवायची तयारी आहे तो हसत दाखवेल. जो म्हणतो 'त्याचं काय काम, शेवटी एकदम करू', तिथं पैसे भरू नका.

अजून काय बघायचं? गाडी कुठली आहे. काही स्कूलकडं हेवी म्हणून जुनाट सहा टायर असते, एअर ब्रेकचा काटा बंद, पॉवर स्टेअरिंग नाही, आणि बाहेर पडल्यावर तुम्हाला मिळते नवी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाची) गाडी. शिकवणाऱ्याच्या बाजूला दुसरा ब्रेक-क्लच आहे का. भरलेली गाडी कधी देतात का, कारण रिकामी गाडी आणि सोळा टन भरलेली गाडी ही दोन वेगळी जनावरं आहेत. आणि सांगलीच्या पोरांसाठी खास, घाटात नेतात का. आपल्याकडं सगळी सपाटी. मिरज रोडला शिकलेल्या पोराला चढ म्हणजे फक्त पुलाचा माहीत. साताऱ्याची पोरं ह्या बाबतीत आपल्या पुढं आहेत हे मान्य करावं लागतं (कुस्तीत मात्र नाही).

ज्यांना जमतंय त्यांनी अजून एक रस्ता बघावा. २०२१ पासून सरकारनं अॅक्रेडिटेड ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरचे नियम आणलेत. तिथं मीडियम-हेवीचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांत पुरा करायचा, सिम्युलेटर असतो, टेस्ट ट्रॅक असतो, आणि तिथून पास झालात तर आरटीओत परत ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. आणि पुण्यात भोसरीला सीआयआरटी आहे, १९६७ पासूनची संस्था, ड्रायव्हर ट्रेनिंगमध्ये नावाजलेली. दीड-दोन महिने घरचं काम सोडून जाणं सोपं नाही हे मला कळतं. पण ज्याला पुढं कंपनीच्या गाड्यांवर, कंटेनरवर, टँकरवर जायचंय त्यानं हा खर्च बियाण्याचा खर्च समजावा.

टेस्ट

टेस्टचं लई टेन्शन घेऊ नका. गाडी स्कूलचीच असते. बसल्या बसल्या स्टार्टर मारू नका, आधी खाली फेरी मारून टायर बघा, मग चढा, सीट-आरसे लावा, बेल्ट लावा, हवेचा काटा चढेपर्यंत थांबा, मग हँडब्रेक सोडा. इन्स्पेक्टर साहेब निम्मं तिथंच ओळखतात. मग रिव्हर्स, वळण, चढावर थांबवून परत उचलणं. रिव्हर्सला मान बाहेर काढून बघायची सवय असेल तर ती मोडा, दोन्ही आरशांवर घ्या. नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते, त्यात लाजायचं काय नाही, मी पहिल्यांदा रिव्हर्सला नापासच झालो होतो.

बॅज आणि टँकर

माणसं वाहून न्यायची असतील, म्हणजे टॅक्सी, बस, ट्रॅव्हल्स, तर लायसनच्या जोडीला बॅज पण लागतो आणि त्याला पोलीस व्हेरिफिकेशन. एसटीच्या भरतीकडं डोळे लावून बसलेल्यांनी हेवी आणि बॅज दोन्ही आधीच करून ठेवावं, जाहिरात आल्यावर धावपळ करून काय उपयोग होत नाही.

पेट्रोल, डिझेल, गॅस, अॅसिड असल्या मालाला वेगळी नोंद लागते. आपल्या पलूस तालुक्यात हजारवाडीला पेट्रोल-डिझेलचा डेपो असल्यामुळं ह्या कामाला मागणी आहे आणि पगारपण बरा. त्यासाठी तीन दिवसांचं ट्रेनिंग घ्यायचं, एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यायला पाहिजे, मग लायसनवर त्याची नोंद होते. इंग्रजी का, तर टँकरच्या मागं-बाजूला जो चौकोनी बोर्ड असतो त्याच्यावर मालाचा यूएन नंबर (कुठला माल आहे ते ओळखायचा आकडा) आणि आग लागली तर काय मारायचं त्याचा कोड असतो, आणि केबिनमध्ये ट्रेम कार्ड ठेवावं लागतं, गळती झाली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. ते न वाचता टँकर चालवणं म्हणजे चुलीवर बसून विडी ओढणं.

दुधाच्या टँकरला ही नोंद लागत नाही, पण म्हणून तो सोपा समजू नका. पूर्ण भरलेला टँकर बरा, अर्धा भरलेला वाईट, आतलं दूध ब्रेक मारला की पुढं धावतं आणि वळणाला बाहेर ढकलतं. नवीन पोरांचे टँकर उलटतात ते बहुतेक असेच.

पहिलं वर्ष

लायसन आलं म्हणून लगेच लांबच्या खेपेला जायचं नाही. पहिले दोन-तीन महिने अनुभवी माणसाच्या सोबत, भत्ता कमी मिळाला तरी चालेल. मी पोरांना पहिल्या महिन्यात तीन ठिकाणी नेतो. एक खंबाटकी, जाताना बोगदा आणि नंतरचं वळण, येताना घाटाची चढण. दोन, वाईवरून पसरणी घाट, तिथं रस्ता अरुंद आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या कार डोक्यात जातात, म्हणून नेतो, संयम तिथं शिकायचा. तीन, पाटणवरून कुंभार्ली घाट चिपळूणकडं. पावसाळ्यात धुकं असं असतं की स्वतःचं बोनेट दिसत नाही.

घाटाचा नियम जुना आहे, ज्या गिअरला चढवाल त्याच गिअरला उतरवा. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी पाडायचा, अर्ध्यात पाडायला गेलात आणि न्यूट्रलला अडकलात तर मग देवाचा धावा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोरावर गाडी आवरणारा) असेल तर तो वापरा, पायाचा ब्रेक दाबून धरू नका, दाबा आणि सोडा. ड्रम तापला की लायनिंग पकडत नाही, गाडी नवी असली तरी. आणि डिझेल वाचवायला उताराला न्यूट्रल करणारे किंवा इंजिन बंद करणारे जे उस्ताद भेटतील त्यांना लांबून नमस्कार. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, दोन-चारदा ब्रेक मारला की टाकीतली हवा संपली, वर पॉवर स्टेअरिंग जड. वाचवलेल्या डिझेलमध्ये किती रुपये मिळणार, शंभर?

ऊस सीझनला म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून मार्च-एप्रिलपर्यंत आपल्या दोन्ही जिल्ह्यांत रात्रीचं चालवणं म्हणजे वेगळाच विषय आहे. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, वरनं टेपरेकॉर्डर मोठ्यानं, त्याला तुमचा हॉर्न ऐकू येत नाही. कराड-इस्लामपूर पट्ट्यात, कारखान्याच्या वाटांवर वेग निम्मा करा. रस्त्यावर उसाची कांडी पडलेली दिसायला लागली की समजायचं पुढं ट्रॉली आहे. हे कुठल्या कोर्समध्ये नाही.

माल बांधणं पण शिकायचं असतं. हळदीची पोती बसतात, द्राक्षाच्या पेट्या सरकतात, लोखंड पुढं येतं. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून रस्सा आणि ताडपत्री परत आवळायची, कारण तोपर्यंत माल बसलेला असतो आणि रस्सा ढिला पडलेला असतो.

ओव्हरलोडबद्दल एवढंच सांगतो. २०१८ ला वजनाची मर्यादा वाढवून दोन अॅक्सलच्या सहा टायरला १८.५ टन आणि तीन अॅक्सलच्या दहा टायरला २८.५ टन केली, गाडी धरून. तुमच्या गाडीला नेमकं किती ते आरसीवरच बघा. त्याच्या वर भरलं तर दंड २०,००० पासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल तिथंच उतरवायला लावतात. मालक म्हणतो मी बघतो. दंड तो बघेलही, पण घाटात ब्रेक तुमच्या पायाखाली असतो. काट्याची पावती मागायला शिका, पहिल्यांदा मालक तोंड वाकडं करतो, नंतर सवय होते त्याला.

लायसन मिळालं, शिक्षण संपलं नाही

हेवी लायसन पाच वर्षांचं असतं (२०१९ च्या आधी तीन होतं), धोकादायक मालाची नोंद तीन वर्षांची आणि तिच्या रिन्युअलला एक दिवसाचा रिफ्रेशर करायची पद्धत आहे. रिन्युअल मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून करता येतं. पूर्वी मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत होती, ती आता नाही, तारीख संपली की त्या दिवसापासून तुम्ही बिनलायसनचे, आणि त्यात अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्याला आयतं कोलीत. वर्षाच्या वर उशीर झाला तर परत टेस्ट. मोबाईलमध्ये तारीख टाकून ठेवा, माझ्या ओळखीतले दोघं असे अडकलेत. दारू पिऊन, बेदरकार चालवून वगैरे लायसन जमा झालं तर आता रिफ्रेशर कोर्स केल्याशिवाय ते परत मिळत नाही, हे पण २०१९ च्या दुरुस्तीतलं.

पण कागदाच्या पलीकडचं शिक्षण जास्त महत्त्वाचं. मी जुन्या गाड्यांवर वाढलेला, २०२० ला एप्रिलपासून बीएस-६ आल्या आणि आम्हा जुन्यांची दांडी उडाली. डीईएफ (धुराची घाण कमी करायला वेगळ्या टाकीत भरतात ते) संपत आलं की दिवा लागतो, आमच्यातल्या एकानं काय केलं, त्यात पाणी ओतलं. पुढं गाडीची ताकदच गेली आणि कराडच्या अलीकडं बैलगाडीसारखी चालायला लागली, दुरुस्तीचा खर्च ऐकून मालकाला घाम फुटला. डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया, ते सीलबंद डब्यातलंच घ्यायचं. सायलेन्सरची काजळी जाळायचं काम गाडी आपोआप करते, त्याचा दिवा लागलेला असताना इंजिन बंद करायचं नाही. हे सगळं कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सांगतात, नवीन गाडी घेतली की ड्रायव्हरचं ट्रेनिंग ठेवतात, मालकाला सांगा मला पाठवा. बहुतेक ड्रायव्हर तिथं जेवणापुरते जातात. तुम्ही गाडीचं मॅन्युअल मागून घ्या.

जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना असतो, तेव्हा ठिकठिकाणी ड्रायव्हरसाठी डोळे तपासणीचे कॅम्प लागतात. फुकट असतं. चाळिशीनंतर तर दर वर्षी करा. रात्री समोरच्या लाईटला तारे फुटल्यासारखे दिसायला लागले तर ते वय आहे, समोरच्याच्या अप्परला शिव्या देऊन उपयोग नाही.

आणि झोप. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती, हा नियम १९६१ च्या मोटार कामगार कायद्यापासून चालत आलाय. मला माहितीये तुम्ही हसणार. सांगलीवरून संध्याकाळी भरून पहाटे वाशीला लिलावाच्या आधी पोचायचं असतं, कुठला नियम? पण एवढं तरी करा, दुपारी घरी खरंच झोपा, मोबाईल नाही, खरंच. आणि रात्री दोन ते पाच ह्या वेळेत डोळा लागला तर टोलनाक्याच्या पुढं, आनेवाडी असो नाहीतर तासवडे, नीट जागा बघून वीस मिनिटं पडा. चहा, तंबाखू, गाणी ह्यांनी झोप जात नाही, पुढं ढकलली जाते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा केलाय, उन्हाळ्यात त्याचा खरंच फरक पडतो. फक्त थंडगार केबिनमध्ये जेवण करून बसलात की डोळे जास्त मिटतात, ते लक्षात ठेवा.

अपघात झालाच तर

पळून जायचं नाही. जमाव चिडला असेल, जिवाला धोका असेल तर तिथून सरळ जवळच्या पोलीस स्टेशनला जा, पण जा. जखमीला मदत मिळवून देणं हे कायद्यानं ड्रायव्हरचं काम आहे, आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवायचं. १०८ ला ॲम्ब्युलन्स, ११२ ला पोलीस, नॅशनल हायवेवर असाल तर १०३३. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, रस्ता अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस मिळतात, हे जखमीच्या घरच्यांना सांगा, त्यांना माहीत नसतं. आणि मालकाला फोन करून इन्शुरन्सवाल्याला कळवायला लावा.

कागदं सगळी डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये ठेवली तरी चालतात. लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, फिटनेस, परमिट. ई-वे बिल असेल तर त्याची मुदत बघा, दोनशे किलोमीटरला एक दिवस असा हिशोब असतो, गाडी बंद पडून अडकलात तर मालकाला सांगून वाढवून घ्यायचं, नाहीतर नाक्यावर तुम्ही दोषी.

तर तो पोरगा. एजंटाला पैसे दिले नाहीत त्यानं. एलएमव्ही होतंच, सध्या कुपवाडच्या एमआयडीसीतून पिकअप चालवतोय, मिरज-इचलकरंजी-कराड. परवा फोन आला, दादा, वीस लागले की तुम्ही शिकवणार ना? म्हटलं स्कूल बघ आधी, फॉर्म १५ ला रोज सही, मग खंबाटकीला मी येतो सोबत. तुमच्यापैकी कुणाला अडलं तर विचारा, ओळखीतल्यांकडं माझा नंबर आहे. फक्त रात्री दहानंतर फोन करू नका, मी झोपलेला असतो.